सहा वर्षांचा बँड सोडावा का? एका बासवादकाचं प्रकरण

पाच जणांचा हौशी बँड. गायक, लीड गिटार, कीबोर्ड, ड्रम्स आणि बास, म्हणजे खालच्या सुरांची गिटार. सगळे नोकरी-व्यवसाय सांभाळून वाजवणारे. आठवड्यातून एक संध्याकाळ सरावाची, वर्षाकाठी चार-पाच कार्यक्रम. यातली बासवादक सहा वर्षं या बँडमध्ये होती आणि शेवटचं वर्षभर बँड सोडावा का, या विचाराने तिला घेरलं होतं. हे प्रकरण कुठल्या एका व्यक्तीचं नाही. हौशी बँडमध्ये पुन्हापुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र आणून ते बांधलं आहे, म्हणून इथे कुणाला नाव नाही. वाद्यावरूनच माणूस ओळखावा.

हौशी बँडमध्ये हा निर्णय नोकरी सोडण्यापेक्षा अवघड होऊन बसतो. नोकरीत पगार, बढती, सुट्ट्या यांची तुलना करता येते. इथे वाजवण्यातला आनंद हीच काय ती मिळकत, आणि तो आटत चाललाय हे कळायलाच महिनोन्‌महिने जातात. शिवाय राजीनामा द्यायचा तो मित्रांकडेच. त्यामुळे बहुतेक माणसं काहीच ठरवत नाहीत. सरावाला उशिरा यायला लागतात, मग एखादा सराव बुडवतात, आणि एके दिवशी कुठल्या तरी किरकोळ गोष्टीवरून भडका उडतो. या प्रकरणात तसं झालं नाही, म्हणूनच ते तपशिलात सांगण्यासारखं वाटतं.

तिच्या तक्रारी

तिने कारणं कागदावर लिहून काढली होती. सराव कधीच वेळेवर सुरू होत नाही, अर्धा-पाऊण तास केबल जोडण्यात आणि गप्पांत जातो. ड्रमर घरी तयारी करत नाही, त्यामुळे लय पळते. गिटारचा आवाज इतका मोठा की सरावानंतर रात्री कानात सूं-सूं होत राहतं. गाणी कोणती घ्यायची हे गायक एकटाच ठरवतो, आणि दोन वर्षांत सेटलिस्ट, म्हणजे कार्यक्रमातल्या गाण्यांची यादी, जवळपास बदललेली नाही. तिने लिहिलेलं एक गाणं दोनदा सरावात वाजलं आणि मग त्याचा विषयच निघाला नाही.

सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखी एक ओळ होती: हल्ली दोन सरावांच्या मधे मी बास केसमधून बाहेरही काढत नाही.

माझ्या मते त्या कागदावरची सर्वांत महत्त्वाची ओळ हीच होती. वरच्या सगळ्या तक्रारी बँडबद्दलच्या आहेत, ही तिच्याबद्दलची आहे. हौशी वादक वाद्याला हात लावेनासा होतो तेव्हा काहीतरी मुळाशी बिघडलेलं असतं. पण काय बिघडलंय हे त्या ओळीवरून कळत नाही. थकवा असू शकतो, घरची ओढाताण असू शकते, बँडही असू शकतो.

भोवतालची परिस्थितीही गुंतलेली होती. दहा आठवड्यांवर एक कार्यक्रम ठरला होता. ध्वनियंत्रणा पाचही जणांनी मिळून विकत घेतलेली होती. तिला बँडमध्ये आणणारा गिटारवादक तिचा जुना मित्र. आणि त्याच सुमारास स्वतःच्या रचना करणाऱ्या एका त्रिकुटाने तिला वाजवायला बोलावलं होतं.

या बोलावण्याचा निर्णयात फार मोठा हात असतो आणि तो सहसा मान्य केला जात नाही. नव्या लोकांबरोबरची पहिली संध्याकाळ आणि जुन्या लोकांबरोबरचं सहावं वर्ष यांची तुलनाच होऊ शकत नाही, कारण नव्या गटात अजून कुणी कुणाला कंटाळलेलं नसतं. म्हणून तिला एवढंच विचारणं योग्य होतं की हे त्रिकूट नसतं तरी सोडला असता का? तिचं उत्तर तेव्हा होतं, माहीत नाही. या उत्तरावर कुठलाही निर्णय उभा राहू शकत नाही. आधी दुरुस्त होण्याजोगं जे आहे ते दुरुस्त करून बघायचं, असं ठरलं.

लय कुठे पळत होती

एका सरावाचं फोनवर रेकॉर्डिंग केलं गेलं. फोन ड्रम्सजवळ न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कानाच्या उंचीवर ठेवला. मग ठेका बोटाने टॅप करून टेम्पो मोजला. एक गाणं मिनिटाला 96 ठोक्यांवर सुरू होऊन 108 वर संपत होतं. म्हणजे तिची तक्रार खरी होती. पण लय सगळीकडे सारखी पळत नव्हती. कडव्यांमध्ये ती बऱ्यापैकी स्थिर राहायची. प्रत्येक ध्रुवपदाच्या आधीच्या फिलमध्ये, म्हणजे ड्रम्सच्या छोट्या भरीव तुकड्यात, पुढे सरकायची आणि तिथून मागे यायचीच नाही. ड्रमर नुसता आळशी असता तर लय कडव्यातही घसरली असती.

ध्रुवपदात काय होत होतं? गिटारचं डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम खरखरीत केलेला भरदार आवाज, सुरू व्हायचं, आणि तिथून पुढे ड्रमरला बास ऐकूच यायचा नाही. बास आणि किक ड्रम, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, ही जोडी असते. बासवादक किकच्या ठोक्याला चिकटून वाजवतो, आणि बासचा स्वर किती लांबतो, कुठे तुटतो यावरून ड्रमर पुढच्या ठोक्याची जागा पक्की करतो. एकाला दुसरं ऐकू येईनासं झालं की दोघंही अंदाजाने चालतात, आणि गाण्याच्या भरात तो अंदाज पुढेच धावतो. रेकॉर्डिंगमध्ये आणखी एक गोष्ट ऐकू आली: लय पुढे सरकली की बासही निमूटपणे तिच्यामागे जात होता. लय रोखून धरायला तिथे कुणीच नव्हतं.

मग गिटारवादक एवढा आवाज का ठेवत होता? अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा डबा, जमिनीवर, त्याच्या पायांमागे होता. गिटारच्या स्पीकरमधले तीव्र, टोकदार सूर सगळीकडे सारखे पसरत नाहीत. ते समोरच्या दिशेने अरुंद झोतात जातात. जमिनीवरच्या अँपचा तो झोत वादकाच्या गुडघ्यांवर आदळतो, कानापर्यंत त्यातला बोथट भागच पोचतो. म्हणून त्याला स्वतःची गिटार दबलेली वाटते आणि तो नॉब फिरवतो. समोर बसलेल्या ड्रमरच्या कानात मात्र पूर्ण झोत शिरतो. ड्रमर जोर वाढवतो. गायकाला स्वतःचा गळा ऐकू येत नाही, तो माइक वाढवायला सांगतो, आणि स्पीकर शिट्टी मारायला लागतो. या साखळीत कुणाचाही वाईट हेतू नव्हता.

कानांचा प्रश्न तर आवडीनिवडीचा नाहीच. अमेरिकेतल्या ‘नायोश’ या व्यावसायिक आरोग्यविषयक संस्थेची शिफारस 85 डेसिबल आवाजात जास्तीत जास्त आठ तास अशी आहे, आणि दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते: 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक. 100 डेसिबलला उरतात 15 मिनिटं. बंद खोलीत ड्रम्स आणि गिटारचा सराव 100 च्या घरात सहज जातो, आणि सराव चालतो दोन-अडीच तास. कानात रात्रभर सूं-सूं होणाऱ्या माणसाला बाकी सगळे ‘रॉक म्हटल्यावर एवढं चालायचंच’ म्हणत असतील, तर त्या एका कारणाने उठून जाणंही मला पूर्ण समर्थनीय वाटतं. संगीतकारांसाठी मिळणारे इअरप्लग उंच-खालचे सगळे सूर साधारण सारख्या प्रमाणात कमी करतात, त्यामुळे सूर गढूळ न होता आवाज उतरतो. ते सगळ्यांनीच घ्यावेत.

उपाय साधे होते. गिटारचा अँप खुर्चीवर चढवून थोडा मागे कलता ठेवला, म्हणजे तोंड वादकाच्या चेहऱ्याकडे. पहिल्याच गाण्यात त्याने स्वतःहून आवाज कमी केला. बासचा अँप कोपऱ्यात होता. कोपऱ्यात खालचे सूर फुगतात आणि नुसती घुमघुम उरते. तो भिंतीपासून पुढे काढून ड्रमरच्या बाजूला आणला. तिने ध्रुवपदात बास साधा केला, कमी सूर आणि ठाम जागा. काही आठवड्यांत तेच गाणं 96 वर सुरू होऊन 99 वर संपायला लागलं. ते तीन ठोके कानाला गोडच लागत होते, माणसांनी वाजवलेल्या गाण्यात एवढी ऊब हवीच. सराव वेळेवर सुरू करण्याचा मुद्दाही तिने मांडला आणि जोडाजोड आधी उरकायची, असं सगळ्यांनी मान्य केलं.

म्हणजे कागदावरच्या पहिल्या तिन्ही तक्रारी मिटल्या. बँड सहा वर्षांत कधी नव्हता इतका चांगला वाजत होता. आणि तरीही दोन सरावांच्या मधे तिचा बास केसमध्येच राहत होता.

एवढ्या खटाटोपाचं खरं फळ हे होतं. लय आणि आवाज तसेच राहिले असते तर ती त्यांनाच कारण समजून निघून गेली असती, आणि तोच असमाधानी जीव घेऊन दुसऱ्या बँडमध्ये पोचली असती. आता आडोसा उरला नव्हता. उरली होती गाण्यांची निवड आणि तिचं बाजूला पडलेलं गाणं.

मागणी कशी करावी

अर्थतज्ज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी 1970 मध्ये मांडलेला एक विचार इथे फार उपयोगी पडतो. एखाद्या संस्थेत गुणवत्ता ढासळू लागली की माणसासमोर दोन वाटा असतात: निघून जाणं किंवा आवाज उठवणं. निघून जाणं सोपं असेल तर ज्यांना गुणवत्तेची सर्वांत जास्त चाड आहे तेच आधी जातात, आणि सुधारणा घडवू शकले असते असे आवाजच नाहीसे होतात. हौशी बँडमधून निघून जायला ना करार आड येतो ना पगार, म्हणून तिथे स्पष्ट बोलणं सर्वांत कमी होतं. तिने सहा वर्षांत आपल्या गाण्याबद्दल थेट एकदाही विचारलं नव्हतं. हसत हसत टोमणा मारणं म्हणजे विचारणं नसतं.

पण ‘मन मोकळं करा, सगळं बोलून टाका’ हा सल्लाही मला पटत नाही. कीथ मर्निघन आणि डोनाल्ड कॉनलन यांनी ब्रिटनमधल्या 20 स्ट्रिंग क्वार्टेट्सचा (दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो अशा चार वादकांच्या गटांचा) अभ्यास 1991 मध्ये प्रसिद्ध केला. आमच्यात लोकशाही आहे असं सगळेच सांगत, पण सूत्रं पहिल्या व्हायोलिनवादकाच्या हाती असायची. दुसऱ्या व्हायोलिनवादकाला पहिल्याइतकंच तयार असावं लागतं आणि तरी साथीलाच राहावं लागतं. यशस्वी क्वार्टेट्सना हे ताण जाणवत होते, पण ते त्यांच्यावर उघड चर्चा करत बसले नाहीत. आतल्या आत सांभाळून घेत वाजवत राहिले. बासवादकाची जागा त्या दुसऱ्या व्हायोलिनसारखीच. ‘या बँडचा मालक कोण?’ असा वाद तिने काढला असता तर पाचही जण दुखावले गेले असते आणि हाती काही लागलं नसतं.

म्हणून मागणी कामाची ठेवली, माणसाची नाही. बारा गाण्यांच्या सेटमध्ये दोन स्वतःची, आणि सरावाचा शेवटचा अर्धा तास नव्या रचनांसाठी. सहा आठवडे करून बघू, जमलं नाही तर पुन्हा बोलू. हे तिने सरावाच्या सुरुवातीला, पाचही जण असताना सांगितलं. कुणा एकाला आधी पटवून आपल्या बाजूला घेतलं नाही, हे मला विशेष योग्य वाटतं; पाच जणांत गट पडायला दोन फोन पुरतात.

गायकाने अर्ध्या तासाला होकार दिला, गाण्यांना दिला नाही. लोक ओळखीची गाणी ऐकायला येतात, मी हा बँड त्यासाठीच सुरू केला, आणि मला तेच गायला आवडतं, असं तो म्हणाला. ड्रमर म्हणाला, एक गाणं घेऊन बघूया. कीबोर्डवादकाला दोन्ही चालणार होतं. तो अर्धा तास प्रत्यक्षात एकदाच झाला, पुढच्या सरावांत कार्यक्रमाची तयारी आडवी आली.

मला यात गायक चुकला असं वाटत नाही. आवडती गाणी मित्रांबरोबर नीट वाजवावीत, एवढाच या बँडचा हेतू होता आणि त्यात काही कमीपणा नाही. सहा वर्षांपूर्वी तिलाही तेच हवं होतं. मधल्या काळात ती बदलली, बँड होता तिथेच राहिला. इथे खलनायक शोधला तर सापडेल, पण तो खोटा असेल.

सहा वर्षांचं वजन

तरीही ती अडखळत होती, आणि तिचं कारण होतं: सहा वर्षं घातली आहेत मी यात.

हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी 1985 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात नाटकांच्या हंगामी तिकिटांवर काही ग्राहकांना अचानक सूट दिली गेली, बाकीच्यांनी पूर्ण किंमत मोजली. नाटकं तीच. हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण पैसे भरलेल्यांनी जास्त नाटकं पाहिली. खर्च झालेला पैसा कुणालाच परत मिळणार नव्हता, तरी तो माणसांना खेचत राहिला. गेलेल्या वर्षांचंही असंच होतं.

मात्र बँडच्या बाबतीत हा युक्तिवाद अर्धाच लागू पडतो. सहा वर्षांत खर्च झालेल्या संध्याकाळी गेल्या त्या गेल्या. पण ड्रमर खांदा उचलतो तेव्हा फिल येणार, गायक ओळ लांबवणार असेल तर आधी श्वास वेगळा घेतो, गिटारवादक चुकला तर कुठल्या मात्रेवर परत येईल, हे सगळं तिच्या अंगात मुरलेलं होतं. ही चालती पुंजी आहे आणि ती फक्त याच चार माणसांबरोबर चालते. ती गेली की नव्या जागी शून्यापासून जमवावी लागते. तेव्हा हिशेब मांडायचा तो असा: झालेली वर्षं बाजूला ठेवून, ही जुळलेली समज पुढच्या वर्षभरात मला हव्या त्या संगीतासाठी वापरता येणार आहे का? तिच्याकडे याचं उत्तर आता होतं. आणि त्रिकूट नसतं तरी सोडला असता का, याचंही.

मधे कुणीतरी तिला सुचवलं होतं, तीन महिने सुट्टी घेऊन बघ. मोठ्या वाद्यवृंदात हे चालेल. पाच जणांच्या बँडमध्ये बासवादक बेमुदत रजेवर गेला की बाकीचे अधांतरी लटकतात. ना बदली घेता येत, ना सराव पुरा होत. रजा घ्यायचीच तर परतीची तारीख सांगून आणि बदली वादकाला मोकळीक देऊन.

जाण्याची रीत

मोठ्या बँडचा इतिहास या बाबतीत चांगला शिकवतो. ड्रमर रिंगो स्टार ऑगस्ट 1968 मध्ये बीटल्स सोडून गेला आणि साधारण दोन आठवड्यांनी परतला. त्याचे ड्रम्स फुलांनी सजवून ठेवले होते. त्याच बँडचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन जानेवारी 1969 मध्ये उठून गेला आणि काम बँडच्या स्वतःच्या स्टुडिओत हलवायचं, ठरवलेल्या मोठ्या कार्यक्रमाची कल्पना सोडायची, या अटींवर परत आला. दोघांचं जाणं ही खरं तर मागणीच होती, फार उशिरा आणि फार मोठ्या आवाजात केलेली. मागणी आधीच करून झाली असेल तर जाणं शांतपणे होऊ शकतं. गायक पीटर गॅब्रिएलने जेनेसिस या ब्रिटिश रॉक बँडमधल्या सहकाऱ्यांना नोव्हेंबर 1974 मध्ये दौऱ्यात असतानाच निर्णय सांगितला आणि मे 1975 पर्यंत दौरा पूर्ण केला. आर.ई.एम. या अमेरिकन रॉक बँडचा ड्रमर बिल बेरी 1997 मध्ये बाहेर पडला तो बाकीचे तिघे बँड चालू ठेवणार असतील तरच, असं सांगून. त्यांनी तो 2011 पर्यंत चालवला.

कार्यक्रमाला चार आठवडे उरले असताना तिने सांगितलं. सराव संपल्यावर, सगळ्यांसमोर, मेसेजवर नाही. कार्यक्रम वाजवीन आणि नवा बासवादक मिळाला की त्याच्याबरोबर तीन सराव बसेन, असंही त्यातच सांगितलं. गिटारवादक मित्राला तिने तासभर आधी कळवलं होतं. तेवढंच बरोबर होतं. आठवडाभर आधी सांगितलं असतं तर इतरांपासून ते लपवण्याचं ओझं त्याच्यावर पडलं असतं.

नव्या माणसासाठी तिने कागद तयार केले. नुसते कॉर्ड्स कुठेही मिळतात, त्याने काम भागत नाही. मूळ गाण्यापासून हा बँड कुठे वेगळा जातो ते लिहावं लागतं: इथे चार मात्रा जास्त, इथे सगळे थांबतात, इथे गायकासाठी पट्टी दोन सुरांनी उतरवली आहे, इथे शेवट ड्रमरच्या खुणेवर.

ध्वनियंत्रणेतला तिचा वाटा मूळ किमतीने न धरता आजच्या विक्रीच्या किमतीने धरला आणि तो दोन हप्त्यांत द्यायचं ठरलं. यंत्रणा बँडकडे राहिली. तिचं गाणं तिच्याबरोबर गेलं. पाचांनी मिळून केलेल्या एका जुन्या गाण्याचा मुद्दा मात्र लिहून ठेवावा लागला, कारण बहुतेक देशांच्या कायद्यात शब्द-चालीचा हक्क वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो. बँडने ते वाजवत राहावं, रचनाकारांत तिचं नाव राहावं, आणि पुन्हा रेकॉर्ड करायचं झालं तर तिला विचारावं, एवढ्या तीन ओळी. मैत्रीत कागद कशाला, असं कीबोर्डवादक म्हणाला. मैत्री टिकावी म्हणूनच तो करायचा असतो.

त्यानंतर काही महिने उलटले आहेत. नवा बासवादक बोटांऐवजी पिकने (तार छेडायच्या छोट्या पट्टीने) वाजवतो, त्यामुळे बँडचा नाद जास्त कडक झालाय आणि गायकाला तो आवडतोय. तिच्या त्रिकुटाची दोन गाणी अजून अर्धवट आहेत, पण ती रोज बास काढते. तिला चुकवावी लागलेली किंमत मात्र आधी कुणाच्याच लक्षात आली नव्हती: गिटारवादकाशी भेटी कमी झाल्या. दर आठवड्याला भेटण्याचं निमित्त होतं ते गेलं, आणि आता भेटायचं तर दोघांना वेळ काढावा लागतो. पुढच्या कार्यक्रमात एका गाण्यासाठी तिला पाहुणी म्हणून बोलवावं असं त्याने सुचवलं आहे. गायकाने अजून होकार दिलेला नाही.